दुसरी खुर्ची

आमच्या घरात तळमजल्यावर मागच्या अंगाला एक खोली आहे. तिला दोन मोठ्या खिडक्या होत्या, लगतच न्हाणीघर होतं आणि परसातल्या पेरूची सावली दुपारभर आत यायची. घर बांधताना मी ती खोली मुद्दाम मागून घेतली होती. पुढं कधीतरी आमची लेक रक्षिता बाळंतपणाला येईल, तिला जिना चढायला नको, असा विचार मी ती फ्रॉक घालून हिंडत होती तेव्हाच केला होता. आम्ही बायका खोलीकडं बघून असला विचार करतो. पुरुष काय करतात ते आता सांगते.

आमच्या राजशेखरांनी (नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही, घरात तेवढं एकच धड माझ्या मनासारखं आहे) त्या दोन्ही खिडक्या विटांनी बुजवल्या. भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकून आत कापसासारखं काहीतरी भरलं आणि वरून तपकिरी कापड ताणलं. दाराला चारी बाजूंनी रबर लावलं. दार ओढून घेतलं की फ्रिजचं दार लावल्यासारखा आवाज येतो, आणि आपण आत. पंखा नाही, कारण पंखा आवाज करतो. एसी आहे, पण गाणं सुरू झालं की तोही बंद. समोर माणसाएवढे उंच दोन स्पीकर, मध्ये यंत्रांची मांडणी आणि त्यांच्याकडं तोंड करून ठेवलेल्या दोन खुर्च्या. एक त्यांची. दुसरी माझी.

रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की चहा व्हायचा, आणि कप खाली ठेवायच्या आत हाक यायची, "लीला, चल." शिवलीला एवढं लांब नाव घ्यायला त्यांना कधी सवड झाली नाही. मी जायचे. गाणं मला आवडत नाही असं नाही. गडहिंग्लजला आमच्या घरी आक्का पेटीवर बसायची आणि मी दारातून आत-बाहेर करत ऐकायचे. ऐकता ऐकता शेंगा सोलल्या, कुणी आलं तर उठून पाणी दिलं, गाणं तसं ऐकायचं असतं असं मला वाटत आलंय. इथं हात मांडीवर ठेवून, घाम पुसायचीही चोरी, समोर बघत बसायचं.

शिवाय मला ऐकायला बसवलेलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

राजशेखरांनी उमेदीची सगळी वर्षं आधी उद्यमनगरात आणि मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फेटलिंगच्या शेडमध्ये काढली. ओतीव माल साच्यातून निघाला की त्याच्या कडा ग्राइंडरनं घासून काढायच्या, हे ते काम. मी एकदा तिथं डबा घेऊन गेले होते, तर दारातच माझे दात आंबल्यासारखे झाले. कामगारांसाठी त्यांनी कानात घालायचे बोळे आणले होते, स्वतः मात्र कधी घातले नाहीत. मालकच कानात बोळे घालून फिरायला लागला तर त्याला मालक कोण म्हणणार, असं त्यांचं म्हणणं.

व्हायचं ते झालं. वरचे, बारीक आवाज त्यांच्या कानांतून एकेक करून निघून गेले. हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. फोन वाजतो आणि ते पेपर वाचत राहतात. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं जातं, मी फोनकडं बघत असते, आणि ते म्हणतात, "फोन वाजतोय की." कुकरची शिट्टी, दारावरची बेल, सगळं ते माझ्या तोंडावर वाचतात. आल्यागेल्याला वाटतं, माणूस जरा आपल्याच विचारात असतो. मी भांडायला भिणारी बाई नाही. पण ज्या माणसाला गाण्याशिवाय दुसरं काही सुख नाही, त्याला तुमचे कान गेलेत म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? ते माझ्या जिवावर आलं, ते आलंच.

त्यांना गाणं मळल्यासारखं वाटू लागलं होतं. सतारीची तार बोथट लागते म्हणायचे, बासरीत फुंक उरली नाही म्हणायचे. दोष कुठंतरी यंत्रातच असणार, म्हणून आधी वायरी बदलल्या, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग स्पीकर. प्रत्येक वेळी गाणं लावून ते समोर न बघता माझ्याकडं बघायचे. "फरक हाय?" पहिल्यांदा मी हाय म्हणाले, कारण गॅसवर दूध होतं. ते इतके खूश झाले की त्या खुशीत पुढच्या वस्तूची चौकशी सुरू झाली. पुढं कधी न्हाई म्हटलं, तर या वस्तूत दोष आहे म्हणून तिच्या जागी दुसरी आली. काहीही म्हटलं तरी संध्याकाळी मी त्या खुर्चीत. मी मूग गिळून बसायला शिकले आणि वर्षं गेली.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात हुबळीहून रक्षिताचा फोन आला. तिला दिवस गेलेले आम्हाला ठाऊक होतं, डोहाळजेवण झालं की ती माझ्याकडं येणार हेही ठरलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलण्यासारखं काय असतं?

"अव्वा, डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "वार खाली आहे म्हणे. मला खालची खोली मिळेल ना? नाहीतर सासूबाई म्हणतायत, इथंच राहा."

मिळेल की, असं मी म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर त्या दाराकडं बघत उभी राहिले. तळमजल्यावर दुसरी खोली नव्हती. समोर दिवाणखाना, बाजूला स्वयंपाकघर, मागं ही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात एक नवी पेटी आली. हंबीररावांची कृपा. हंबीरराव म्हणजे आमच्या गल्लीतले रस्त्याचे कंत्राटदार, दर रविवारी सकाळी गाणं ऐकायला यायचे आणि जाताना नव्या खर्चाची वाट दाखवून जायचे. तोवर गाणी साध्या कॉम्प्युटरमध्ये होती. लग्नाआधी रक्षितानंच बसून सगळ्या सीडी त्यात उतरवून दिल्या होत्या, तिथून ती वायरनं मोठ्या यंत्राकडं जायची. हंबीररावांनी शोध लावला की सगळी घाण त्या कॉम्प्युटरची.

"शेखर, कॉम्प्युटर एका टायमाला हज्जार कामं करतोय," ते म्हणाले. "त्याचं ध्यान गाण्यावर हाय कुठं? आता नुसतं गाणं सांभाळणारी पेटी मिळती. म्यूझिक सर्व्हर म्हणत्यात तिला. तिला दुसरं कामच न्हाई."

काळी, जड, बिनतोंडाची पेटी. पडदा नाही, बटणं नाहीत, पुढं एक निळा दिवा. पुण्याच्या दुकानदारानं ऐकून बघा, पटली तर ठेवा म्हणून पाठवलेली. दुसरं काहीच काम नसलेलं कुणीतरी या घरात आलं याचं मला कौतुकच वाटलं.

रक्षिता इंजिनीअर आहे. तिनं फोनवर बापाला समजावलं, "आप्पा, फाइल तीच, तिच्यातले आकडे तेच. पेटी बदलली म्हणून गाणं कसं बदलेल?"

"ऊस त्योच असतोय, पण गुऱ्हाळ बदललं की गुळाची चव बदलती का न्हाई?" राजशेखर म्हणाले.

"गूळ शिजतो, आप्पा. आकडे शिजत नाहीत."

ते हसले. लेकीनं निरुत्तर केलेलं त्यांना आवडायचं, पटायचं मात्र नाही. मी ती संधी साधली आणि खोली मागितली. खिडक्या फोडा, कापडं काढा, माझी पोर येणार आहे, असं सरळ सांगितलं.

"ही शेवटची वस्तू," ते म्हणाले. "रविवारी हंबीर येतोय. त्यो वायर बदलंल, कॉम्प्युटर चालू हाय का पेटी, ते आपल्याला सांगणार न्हाई. तू ऐकून सांगायचं. फरक न्हाई म्हणालीस तर मी ह्या नादातनंच उठलो. खोली तुझी. पण फरक असला तर खोली मला ऱ्हाऊ दे. पोरीची सोय आपण दुसरीकडं बघू."

"दुसरीकडं कुठं? जिन्यावर?"

"फरक न्हाई म्हण की मग. कोण अडवतंय?"

किती सोपं होतं. खरं तेच सांगायचं, आणि खोली मिळवायची. पण रविवार येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं की ते खरं तितकंसं सोपं नाही. दोन्ही सारखंच आणि दोन्ही स्वच्छ, असं मी म्हणाले, की यंत्रांतला शेवटचा दोष संपला. मग गाणं मळकट का लागतं? या प्रश्नाला एकच जागा उरत होती, त्यांच्या डोक्याच्या दोन बाजूंना. मी खोली मागत होते, आणि ती देताना ते काय देणार होते हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. मला त्यांची कीव आली आणि अशी कीव यायला लावल्याबद्दल त्यांचा रागही आला.

रविवारी दार बंद झालं. बाहेर उन्हानं फरश्या तापलेल्या, आत आम्ही तिघं आणि हवा नावालाही नाही. हंबीरराव यंत्रांच्या मागं टॉवेल धरून बसले, म्हणजे हात दिसायला नकोत. एका सतारीचा आलाप लागला. थांबला. पुन्हा लागला. राजशेखर माझ्याकडं बघत होते, मी समोर.

"दोन्ही सारखंच," मी म्हणाले.

"वैनी, गडबड करू नका," हंबीरराव टॉवेलामागून बोलले. "आता ऐका. आता तार कशी उघडी लागतीय बघा. मला हितं मागं बसून कळतंय."

"तुम्हाला कळणारच की. वायर तुमच्याच हातात हाय."

पुन्हा आलाप, पुन्हा थांबला, पुन्हा आलाप. घाम पाठीवरून खाली उतरत होता. सतार अशी लख्ख वाजत होती की तारेवर बोट घसरलेलं कळावं, आणि ती दोन्ही वेळा तितकीच लख्ख होती. मी मान वळवली. राजशेखरांच्या तोंडावर मुलाखतीला आलेल्या माणसाचा भाव होता. मी एकच शब्द बोलले असते, हाय, तर त्यांचा चेहरा फुलला असता. रक्षिताचा जिना मला दिसला.

"न्हाई फरक," मी म्हणाले. "दोन्ही चांगलंच लागतंय. एकदम स्वच्छ."

हंबीरराव टॉवेल झटकत उठले. राजशेखरांनी यंत्रं बंद केली. खोलीचं नाव मी काढलं नाही, कारण दिलेला शब्द ते पाळतात, आज ना उद्या बोलतील असं मला वाटत होतं. सोमवारी सकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा ते स्वयंपाकघरात आले. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चूल पेटलेली असताना ते आत आल्याचं मला आठवत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लीला, एकदा तुझं कान दाखवून घिऊ," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"हंबीरला फरक कळतोय. दुकानदाराला कळतोय. पुण्यामुंबईची माणसं त्यासाठी पेटी घेत्यात, ती काय खुळी हायत? एकट्या तुलाच कळंना. वय होतंय माणसाचं. त्यात लाजायचं काय?" आणि मग अगदी हळू आवाजात, "माझंबी तुझ्यावरच सगळं अवलंबून हाय गं."

भाकरी करपली. बहिरा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून मला समजूतदारपणे सांगत होता की मी बहिरी झाले आहे, आणि त्याच्या आवाजात इतकी माया होती की मला हसताही येईना आणि त्याच्या अंगावर ओरडताही येईना. मी म्हटलं, चला. तिथं त्यांच्या कानांबद्दल कुणीतरी तोंड उघडेल.

शाहूपुरीतल्या कानाच्या दवाखान्यात गेलो. तिथं तेजस्वी नावाची एक चुणचुणीत मुलगी तपासणी करत होती. भिंतीला लागून काचेची पेटी, आत खुर्ची, भिंतींना तेच तपकिरी कापड, दाराला तेच रबर. मी आत बसले आणि मनात म्हटलं, माझ्या नशिबातून ही खोली काही सुटत नाही. कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. मी दाबत गेले.

"काकू, तुमच्या वयाच्या मानानं एक नंबर," तेजस्वी म्हणाली.

राजशेखर तपासणीच्या कागदावर उमटलेल्या सरळ रेघेकडं बघत राहिले. मी म्हटलं, "आता यांचंही बघा."

"मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. पण बाकावरची माणसं बघत होती आणि मागं हटणं त्यांच्या स्वभावात नाही. शर्ट नीट करून आत गेले. तेजस्वीनं दार ओढलं.

ती यंत्रापाशी आडवी बसली होती, आतल्याला तिचे हात दिसू नयेत अशी. मी तिच्या मागं स्टुलावर होते. यंत्रावर दोन दिवे. तिनं आवाज सोडला की पिवळा लागायचा, आतल्यानं बटण दाबलं की हिरवा. सुरुवातीचे जाड आवाज त्यांनी बरोबर ओळखले. मग ती आवाज बारीक करत गेली. पिवळा, हिरवा. पिवळा, हिरवा.

"काकांचंही चांगलंय की," ती पुटपुटली.

मला आश्चर्य वाटलं. क्षणभर आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, इतकी वर्षं मीच चुकले. मग मी वर बघितलं. काचेपलीकडून ते टक लावून माझ्याकडं बघत होते. पिवळा दिवा लागला की माझी नजर दिव्याकडं जात होती, आणि माझी नजर हलली की त्यांचं बोट दाबलं जात होतं. ते लबाडी करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. ते ऐकत होते. त्यांच्यापुरतं ऐकणं म्हणजे आता हेच होतं.

मी अशीच बसून राहिले तर त्यांची रेघ माझ्यासारखीच सरळ येणार होती. दोघांचेही कान चांगले, मग पेटीचाच दोष, ही नाहीतर पुढची. रक्षिता हुबळीत राहणार होती. आणि मी त्या खुर्चीत, पंखा नसलेल्या खोलीत, आमच्यातलं एक जण जाईपर्यंत. मला त्या दवाखान्यात, चालू पंख्याखाली, श्वास घेता येईना.

मी उठले, स्टूल फिरवलं आणि काचेकडं पाठ करून बसले.

समोर भिंतीवर कानाचं चित्र होतं. मी ते बघत राहिले. मागं तेजस्वीचं बटण टिकटिकत होतं. टिक. थोडं थांबून पुन्हा टिक. मग ती माइकवर म्हणाली, "काका, आवाज आला की दाबायचं हं." पुन्हा टिक. दिवे मला दिसत नव्हते आणि बघायची गरजही नव्हती. "काका, येतोय का आवाज?" पहिल्यांदा मोठ्यानं, मग तिचा स्वर मऊ होत गेला, तसं मला कळलं. माझे डोळे वाहत होते. मी वळले नाही.

डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, मशीन लावा. राजशेखर मान हलवत होते. गाडीत बसलो. कावळा नाका मागं पडला.

"गवंड्याला सांगाय पायजे," ते म्हणाले. "खिडक्या फोडून घिऊ. रक्षिताला फोन कर, ये म्हणावं."

याच वाक्यासाठी मी जीव टांगणीला लावून बसले होते. ते आलं तेव्हा मला आनंद झाला नाही.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "पाठ का केलीस?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते. शेजारून ट्रक चालला होता. "दमले हो मी," मी म्हणाले, स्वतःशी बोलावं तशी. "तुमच्यासंगं ऐकायला मला आवडलं असतं. तुमच्या वाटणीचं ऐकून दमले."

ऐकू आलं नाही की ते हं म्हणायचे आणि विषय सोडून द्यायचे, आजवर असंच चालत आलं होतं. मी त्या हंची वाट बघत बसले. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि अख्खे माझ्याकडं वळले.

"मला ऐकाय आलं न्हाई," ते म्हणाले. "परत सांग."

मी त्यांच्याकडं तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगितलं.